राजवट आणि नगर : बुलढाणा जिल्ह्याची शहरवाढ

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके, अकरा नगरपरिषदा आणि मोताळा व संग्रामपूर या दोन नगरपंचायती आहेत. महानगरपालिका एकही नाही, आणि जिल्ह्याचे मुख्यालय असलेले शहर हे जिल्ह्यातील सर्वांत मोठे शहरही नाही. २०११ च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या सुमारे ९४ हजार, मलकापूर आणि बुलढाणा यांची प्रत्येकी ६७ हजारांच्या आसपास आणि शेगावची जवळजवळ ६० हजार भरली. त्या वेळी जिल्ह्याची एकूण लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि तीत शहरांत राहणाऱ्यांचा वाटा २१ टक्के होता, तर महाराष्ट्राची सरासरी ४५ टक्क्यांच्या घरात होती. एखाद्या जिल्ह्यात एकच मोठे शहर उभे न राहता चार-पाच मध्यम शहरे जवळजवळ बरोबरीने का वाढतात, आणि ती नेमकी त्याच जागी का वाढतात, याचे उत्तर पाऊस, जमीन आणि नदी यांत काही अंशी सापडते; पण बरेचसे उत्तर त्या-त्या काळी राज्य कोणत्या प्रकारचे होते आणि त्याला गावाकडून काय हवे होते, यात आहे.

हा प्रश्न आफ्रिकेतील शहरांच्या संदर्भात विशेष चर्चिला गेला आहे, कारण तेथे एकाच शतकात अनेक प्रकारच्या राजवटी येऊन गेल्या आणि प्रत्येकीने आपली शहरे मागे ठेवली. केनियाची राजधानी नैरोबी १८९९ मध्ये ब्रिटिशांच्या युगांडा रेल्वेचे ठाणे म्हणून सुरू झाली; आयव्हरी कोस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष उफुए-बोआनी यांनी १९८३ मध्ये यामुसुक्रो या आपल्या जन्मगावालाच राजधानीचा दर्जा दिला; आणि इथिओपियात १९७५ मध्ये लष्करी राजवटीने शहरी जमीन सरकारी मालकीची केल्यामुळे आदिस अबाबात घर बांधण्याचा सारा व्यवहारच बदलला. या उदाहरणांवरून शहराकडे पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात असे दिसते : शहरात गोळा होणारा पैसा कोणाच्या तिजोरीत जातो, शहराखालची जमीन कोणाची असते, आणि शहराचा कारभार पाहणारा अधिकारी वा पुढारी कोणाला जबाबदार असतो. बुलढाण्यासारख्या तुलनेने लहान जिल्ह्यातही गेल्या चार शतकांत वतनदारी, इजारदारी, रेसिडेंटचा अंमल, प्रांतिक सरकार आणि लोकनियुक्त राज्य असे शासनाचे अनेक प्रकार होऊन गेले, आणि प्रत्येकाने या तीन प्रश्नांची वेगळी उत्तरे दिली.

भूगोल आधी सांगणे भाग आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन तुकडे केले असून लोक आजही त्यांना घाटावरचे आणि घाटाखालचे तालुके असेच म्हणतात. जुन्या दप्तरांत त्यांची नावे बालाघाट आणि पायनघाट अशी येतात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी, खोल, कापसाला मानवणारी जमीन आहे, आणि त्या सपाटीवर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद ही गावे आहेत. खामगाव घाटाच्या पायथ्याशी आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा ही गावे आहेत, आणि पैनगंगेचा उगमही बुलढाण्याच्या जवळच आहे. मलकापूरहून बुलढाण्यास जाणारा रस्ता राजूर घाट चढून जातो. रेल्वेला हा चढ नको होता, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

सतराव्या शतकाच्या आरंभी घाटावरचे सर्वांत महत्त्वाचे नगर होते सिंदखेड. अहमदनगरच्या निजामशाहीतील मातब्बर सरदार लखुजी जाधवराव यांची देशमुखी तेथे होती. देशमुखी म्हणजे परगण्याचा महसूल गोळा करून त्यातील ठरीव हिस्सा स्वतः ठेवण्याचा वंशपरंपरागत हक्क, आणि तो भोगणाऱ्याला आपल्या गावी फौज, कारकून, कारागीर आणि देवस्थाने बाळगावी लागत. १५९८ मध्ये जिजाबाईंचा जन्म याच गावी झाला. राजवाडा, काळा कोट, नीळकंठेश्वराचे मंदिर आणि मोती तलाव यांवरून त्या नगराचा आवाका आजही कळतो. मोती तलावाचे बांधकाम पाहिले तर पाणी साठवून नगर आणि शिवार दोन्ही पोसण्याची योजना तेथे किती विचारपूर्वक केली होती, हे ध्यानात येते. परंतु अशा नगराचा सारा डोलारा एका घराण्याच्या दरबारातील स्थानावर उभा असे. १६२९ मध्ये दौलताबादेस लखुजींची हत्या झाली, आणि पुढे जाधवांच्या वंशजांचे मुख्य ठाणे देऊळगाव राजा येथे गेले, तेव्हा सिंदखेडला नवा आश्रयदाता मिळाला नाही. घराणे गेले की पेठ ओसरते, हा वतनी नगरांचा सर्वत्र दिसणारा दोष होय. २०११ मध्ये सिंदखेड राजाची लोकसंख्या साधारण १६ हजार होती. देऊळगाव राजाला मात्र बालाजीच्या देवस्थानामुळे आणि आश्विनातील यात्रेमुळे, राजाची सत्ता गेल्यावरही, टिकून राहण्याचे दुसरे कारण मिळाले. ती सत्ता १८५१ मध्ये गेली. बाजीराव जाधव यांच्या पदरच्या अरब शिपायांनी हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या, फौजेशी लढाई केल्यावर त्यांची जहागीर जप्त झाली.

मोगल अमलाने या प्रदेशात नवे शहर वसवल्याचे दिसत नाही. त्याने असलेल्या कसब्यांना दर्जा दिला. अकबराच्या काळातील वऱ्हाड सुभ्यात मेहकर हे एका सरकारचे, म्हणजे अनेक परगण्यांच्या विभागाचे, ठिकाण होते, आणि तेथील विणकरांचा व्यवसाय मोठा होता. १७२४ मध्ये जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्काने मोगल सुभेदार मुबारिजखानाचा पराभव केला आणि तेथून हैदराबादच्या स्वतंत्र राज्याची वाटचाल सुरू झाली. ज्या लढाईने दक्षिणेचा दीडशे-दोनशे वर्षांचा नकाशा ठरला तिचे मैदान असलेले हे गाव स्वतः मात्र कधी शहर झाले नाही. त्यानंतर वऱ्हाडात दोअमली चालू राहिली. दोअमली म्हणजे एकाच मुलखावर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचेही वसुलीचे हक्क असणे. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धानंतर भोसल्यांचा हक्क संपला, पण निजामाच्या दरबाराला पैशाची इतकी चणचण होती की महसूल इजाऱ्याने, म्हणजे आगाऊ रक्कम देणाऱ्या सावकाराला वसुलीचा मक्ता देऊन, गोळा केला जाऊ लागला. पेस्तनजी मेहेरजी यांच्या पारशी पेढीसारख्या भांडवलदारांनी असे मक्ते घेतले, आणि याच मंडळींनी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यास आरंभ केला. इजारदाराला गावात दीर्घकाळ पैसा गुंतवण्याचे कारण नसते, कारण मक्ता पुढल्या वर्षी दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून या काळातील व्यापारी गावांत मालाची उलाढाल वाढली तरी वेस, तलाव, घाट यांसारखी सार्वजनिक बांधकामे फारशी झाली नाहीत. खामगावची बाजारपेठ मात्र याच काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तूप, सूत आणि थोड्या कापसाच्या व्यापारावर उभी राहिली. तिला राजाश्रय नव्हता.

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी आणि थकलेल्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. त्यातून जे शासन निर्माण झाले ते कायद्याच्या दृष्टीने विलक्षण होते. वऱ्हाडचे सार्वभौमत्व निजामाचे होते, कारभार हैदराबादेतील ब्रिटिश रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधीच्या, हाती होता, प्रदेशाचे अधिकृत नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' होते, आणि खर्च वजा जाता उरलेला महसूल निजामाला द्यायचा होता. येथे विधिमंडळ नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते हुकुमाने लागू करावे लागत. आरंभी प्रदेशाचे दोन भाग करून दक्षिणेचे ठाणे हिंगोलीस आणि उत्तरेचे बुलढाण्यास ठेवण्यात आले. नंतर हिंगोलीचा मुलूख निजामाकडे परत गेला, पश्चिम वऱ्हाडसाठी अकोल्याची निवड झाली, आणि १८६० च्या दशकात बुलढाणा हा घाटावरच्या तालुक्यांना मलकापूर जोडून केलेला वेगळा जिल्हा झाला.

मुख्यालयासाठी बुलढाणा निवडण्यात व्यापाराचा विचार नव्हता. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवरचे, वऱ्हाडात सर्वांत सुखद हवेचे हे ठिकाण साहेबांना मानवणारे होते. तेथे कचेरी, तुरुंग, पोलीस लाइन, बंगले आणि त्यांना लागणारा लहानसा बाजार एवढेच उभे राहिले. १९०१ मध्ये या जिल्ह्याच्या गावाची लोकसंख्या चार हजारांच्या थोडी वर होती. त्याच वर्षी खामगावची अठरा हजारांवर, शेगावची पंधरा हजार आणि मलकापूरची तेरा हजारांच्या आसपास होती.

खामगावची कथा अधिक तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण राज्यसंस्था आणि बाजार यांची सांगड जिल्ह्यात इतकी घट्ट कोठेच बसली नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर सगळ्यांची नजर गेली. सरकारने खास कापूस आयुक्त नेमला. रिव्हेट-कार्नॅक हे त्या पदावरील अधिकारी भेसळ, वाहतूक आणि गाठी बांधण्याची पद्धत यांत जातीने लक्ष घालीत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, पण तो पूर्णेच्या सपाटीवरून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा गेला आणि खामगाव बाजूला राहिले. साधारणतः अशा वेळी रेल्वेच्या वाटेवर नसलेली पेठ मोडते आणि नवी पेठ स्थानकाजवळ वसते. येथे सरकारनेच जलंबपासून खामगावापर्यंत सुमारे आठ मैलांचा फाटा सरकारी मालकीने बांधला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी आठ मैलांच्या रुळांसाठी वऱ्हाडातल्या एका पेठेत येतो, यावरून त्या काळी कलकत्त्याला आणि मँचेस्टरला या पेठेचे किती मोल वाटत होते, याचा अंदाज येतो.

त्यानंतर खामगावात जिन आणि प्रेस उभे राहिले. जिनात कापसातून सरकी वेगळी होते आणि रुई मिळते. प्रेसमध्ये रुई दाबून तिच्या गाठी बांधल्या जातात, म्हणजे बोटीत आणि रेल्वेच्या डब्यात कमी जागेत अधिक माल मावतो. स्वित्झर्लंडमधील फोल्कार्ट ब्रदर्ससारख्या परदेशी कंपन्यांनी येथे खरेदी सुरू केली. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी, अडते, दलाल, मापारी आणि हमाल यांची वस्ती वाढली. शहराची रचनाही या धंद्याने ठरवली. गाड्यांना उभे राहण्यासाठी विस्तीर्ण आवार, त्याभोवती अडतीची दुकाने, स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जिन-प्रेस आणि त्यांच्या मागे मजुरांच्या वस्त्या, असा आराखडा वऱ्हाडातील कापसाच्या बहुतेक गावांत दिसतो. चांदीच्या व्यापारासाठी खामगाव आजही ओळखले जाते. हंगामात शेतकऱ्याच्या हाती रोकड येणाऱ्या गावी सराफी वाढावी, यात आश्चर्य नाही.

बाजारावर नियंत्रण ठेवण्यासाठीही रेसिडेंटच्या राजवटीने इतर हिंदुस्थानाच्या आधी पाऊल टाकले. १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे हुकुमाने नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला, जो देशातील या प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. बाजार कोठे भरावा हे सरकार जाहीर करी, दलाल आणि मापाऱ्यांना परवाने लागत, आणि कारभार समितीकडे असे. मात्र समितीवर व्यापाऱ्यांचा वरचष्मा असे आणि ज्या शेतकऱ्याच्या मालावर सारे चाले त्याला तेथे नाममात्र स्थान होते. विधिमंडळात वादविवाद होऊन कायदे होत असते तर हा कायदा इतक्या लवकर झाला असता का, याबद्दल शंका घेता येते. हुकमी राजवटीला जे सोपे जाते त्याचे हे एक उदाहरण आहे, आणि तिला कोणाचे ऐकू येत नाही याचेही.

येथे आफ्रिकेतील एका बंदराशी केलेली तुलना उपयोगी पडते. सेनेगालमधील रुफिस्क हे भुईमुगाच्या निर्यातीचे गाव. फ्रेंचांनी १८८० मध्ये त्याला 'कम्यून'चा, म्हणजे निवडून आलेल्या मंडळाने चालवायच्या नगराचा, दर्जा दिला, आणि तेथील मूळ रहिवाशांना आतल्या मुलखातील प्रजेला नसलेले मतदानाचे हक्क मिळाले. पुढे शेजारच्या डाकारला मोठे बंदर आणि राजधानी लाभली तेव्हा रुफिस्क मागे पडले. मतदानाचा हक्क त्याला वाचवू शकला नाही. खामगावात याच्या उलट घडले. लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्यावरील १८८२ च्या ठरावानंतर आणि वऱ्हाडच्या १८८६ च्या नगरपालिका कायद्यानंतर येथील नगरपालिकेला कायद्याची चौकट मिळाली, पण मतदार थोडे करदाते असत आणि अधिकाऱ्यांचा हात वर असे. असे असूनही शहर वाढले, कारण फाट्याची रेल्वे आणि बाजाराचा परवाना या दोन्ही गोष्टी त्याच्याच जागेला बांधलेल्या होत्या, आणि नगरपालिकेला जकातीचे, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरील कराचे, उत्पन्न मिळत होते. शहराच्या वाढीला प्रातिनिधिक कारभारापेक्षा स्वतःचा महसूल अधिक उपयोगी पडतो, असा निष्कर्ष या एका उदाहरणावरून काढणे घाईचे ठरेल; पण तो नाकारणेही अवघड आहे.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी निजामाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतले, आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. त्यानंतरच्या फेररचनेत, १९०५ मध्ये, खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाणा जिल्ह्यात घालण्यात आले. आजच्या जिल्ह्यातील सर्वांत मोठे शहर हे जिल्ह्याचे मुख्यालय का नाही, याचे सरळ उत्तर येथे आहे : मुख्यालय ठरले तेव्हा खामगाव या जिल्ह्यात नव्हतेच, आणि ते आले तेव्हा कचेऱ्या घाटावर बांधून झाल्या होत्या. खामगावचा वेगळा जिल्हा करावा ही मागणी आजवर वेळोवेळी होते, तिचे मूळ या फेररचनेत शोधता येते.

इंग्रजी अमलाचा आणखी एक वारसा विदर्भातील शहरांत जमिनीखाली दडलेला आहे. त्याचे नाव नझूल. शहरातील जी जमीन कोणाच्या खाजगी मालकीची ठरली नाही ती सरकारची मानून मुदतीच्या पट्ट्याने लोकांना देण्यात आली, म्हणजे घर रहिवाशाचे आणि त्याखालची जमीन सरकारची. रयतवारीने शेताच्या मालकाला सातबाऱ्यावर स्पष्ट स्थान मिळाले असताना शहरातील घरमालक मात्र पट्ट्याचे नूतनीकरण, भाडेवाढ आणि हस्तांतरणाची परवानगी यांत अडकून राहिला. गावठाणाच्या जुन्या गल्ल्यांत दाटी आणि बाहेर शेते तोडून पाडलेले ले-आउट अशी जी दुहेरी वाढ वऱ्हाडी शहरांत दिसते, तिच्यामागे या धोरणाचाही हात आहे. नागपूर आणि अमरावती विभागांतील नझूल जमिनी पूर्ण मालकीच्या करून देण्याची मुभा राज्य शासनाने दिली ती अगदी अलीकडे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९०१ ते २०११ या काळात शहरे किती पटींनी वाढली हे पाहिले, तर स्वतंत्र भारतातील शासनाचा कल कोठे होता ते उघड होते. खामगाव आणि मलकापूर साधारण पाच पटींनी वाढले, शेगाव चार पटींनी, आणि बुलढाणा सोळा पटींनी. बुलढाण्याचा आरंभच लहान असल्यामुळे त्याची पट मोठी दिसते, हे खरे. तरीही ज्या गावाला रेल्वे नाही, नदीकाठची पेठ नाही, मोठा कारखाना नाही, ते घाटावर राहून रेल्वेवरच्या मलकापूरच्या बरोबरीला येते, याचे कारण शासनाचा विस्तार हेच आहे. इंग्रजांच्या काळातील जिल्हा म्हणजे महसूल, पोलीस आणि न्यायालय. १९६२ मध्ये जिल्हा परिषद आली, आणि तिच्यामागोमाग शिक्षण, आरोग्य, शेती, पाटबंधारे, बांधकाम अशा प्रत्येक खात्याची जिल्हा कचेरी. कचेरीमागे नोकरदार, त्यांच्यामागे शाळा-महाविद्यालये, वकील, डॉक्टर, उपाहारगृहे आणि घरभाड्याचा धंदा येतो. १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलढाणा अर्बन ही सहकारी पतसंस्था याच पगारदार आणि ठेवीदार वर्गाच्या शहरात जन्मली आणि पुढे राज्याबाहेरही पसरली. अशा शहराला पाणी मात्र जवळ मिळेलच असे नसते. पैनगंगेवरील येळगाव धरणाच्या साठ्याकडे बुलढाणेकरांचे डोळे दर उन्हाळ्यात का लागलेले असतात, हे त्यावरून कळते.

घाटाखालच्या बाजारगावांच्या वाट्याला याच काळात वेगळी धोरणे आली. १९७२ पासून राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना राबवली, म्हणजे शेतकऱ्याने कापूस फक्त शासनाच्या यंत्रणेलाच विकायचा. शेतकऱ्याला हमी देण्याचा तिचा हेतू होता. पण शंभर वर्षे कापसाच्या खुल्या खरेदीवर जगलेल्या खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर या पेठांतील खाजगी व्यापाराचे मूळ काम त्यामुळे थांबले, आणि बाहेर भाव चांगला असेल त्या वर्षी माल शेजारच्या मध्य प्रदेशाच्या हद्दीत जाऊ लागला. दुसऱ्या बाजूने, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने खामगावात औद्योगिक क्षेत्र उभारले आणि मागास भागातील सवलतींमुळे हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपनीचा साबणाचा कारखाना तेथे आला. बाजारातून उगवलेल्या शहराला शासनाने दिलेला हा दुसरा आधार होता. चिखलीला यांपैकी काहीच मोठ्या प्रमाणात मिळाले नाही, तरी जालना, बुलढाणा, मेहकर आणि खामगाव यांच्या वाटा तेथे एकत्र येत असल्यामुळे ते वाढत राहिले. रस्त्यावर जगणाऱ्या गावाला राजवटीशी तुलनेने कमी देणेघेणे असते.

शेगावचा प्रकार या सर्वांहून निराळा आहे. संत गजानन महाराज १८७८ मध्ये येथे प्रकट झाले आणि १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली, त्याच्याही आधी शेगाव कापसाची नांदती पेठ होती. महाराजांच्या हयातीतच स्थापन झालेल्या संस्थानाने पुढे भक्तनिवास, महाप्रसाद, रुग्णसेवा, १९८३ चे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आनंदसागर उद्यान अशी कामे उभी केली. संस्थानाचे दिवंगत विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांच्या कार्यकाळातील शिस्त आणि स्वच्छता महाराष्ट्रभर वाखाणली गेली. पाणी, निवास, गर्दीचे नियमन ही खरे तर नगरपरिषदेची कामे, पण शेगावात त्यांतील मोठा भाग एका धर्मादाय विश्वस्त मंडळाने सांभाळला. समाधी-शताब्दीच्या सुमारास राज्य शासनाने शहरासाठी विकास आराखडा मंजूर केला, मंदिर परिसरातील वस्त्या हलवण्याचे आणि रस्ते रुंद करण्याचे काम त्यात होते, आणि त्याच्या अंमलबजावणीवर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही लक्ष ठेवले. एवढे सारे असूनही शेगावची रहिवासी लोकसंख्या जिल्ह्यातील चार मोठ्या शहरांत सर्वांत सावकाश वाढली. याचे कारण असे की भाविक सकाळी येतो, दर्शन आणि प्रसाद घेतो, आणि फार तर एक रात्र राहून परततो. जी संस्था त्याच्या राहण्या-जेवणाची सोय अल्प दरात आणि नीटनेटकी करते, तिच्यामुळे खाजगी लॉज आणि खानावळींचा धंदा मर्यादेत राहतो. यात्रेकरूच्या दृष्टीने हे उत्तमच आहे. शहराची वाढ हाच निकष लावला तर मात्र गर्दी आणि वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेगावात स्पष्ट होते.

या साऱ्यात नगरपरिषदा कोठे होत्या, हा प्रश्न उरतो. १९६५ च्या कायद्याने महाराष्ट्रातील नगरपरिषदांना एकसारखी चौकट मिळाली, आणि १९९३ पासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान, मुदतीत निवडणुका आणि महिला व मागास घटकांसाठी आरक्षण दिले. परंतु १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. जकातनाक्यावर ट्रक तासन्‌तास उभे राहत आणि भ्रष्टाचाराला वाव मिळे, त्यामुळे ती जाण्यात गैर काही नव्हते. पण व्यापार वाढला की नगराची तिजोरी भरते, हे खामगाव-मलकापूरच्या वाढीमागचे जुने सूत्र त्याबरोबर तुटले. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी सोडता आता बहुतेक पैसा मुंबईहून योजनांच्या नावाने येतो, आणि त्यामुळे नगराध्यक्षाला मतदारांइतकेच मंत्रालयाकडेही पाहावे लागते. नगराध्यक्ष कोणी निवडायचा हेही स्थिर राहिले नाही : २०१६ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट, असे नियम सरकारागणिक बदलले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या आणि मुदत संपलेल्या नगरपरिषदांचा कारभार अनेक वर्षे प्रशासकांनी, म्हणजे नेमलेल्या अधिकाऱ्यांनी, चालवला. निवडणुका झाल्या त्या २०२५ च्या अखेरीस. रेसिडेंटच्या काळातील अधिकारी अध्यक्ष आणि हा प्रशासक यांत कायद्याने मोठा फरक आहे, पण नळाला पाणी न आलेल्या नागरिकाला तो फरक कितपत जाणवला असेल, हे सांगणे कठीण आहे.

शहर कोणते मानावे, हेही अखेर शासनच ठरवते. जनगणनेत एखादे ठिकाण दोन प्रकारे शहरी ठरते : तेथे नागरी संस्था असेल तर, किंवा लोकसंख्या किमान पाच हजार, घनता चौरस किलोमीटरला किमान चारशे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांश बिगरशेती व्यवसायात असतील तर. मोताळा आणि संग्रामपूर ही तालुक्याची गावे २०११ मध्ये ग्रामपंचायती होती. तालुक्याच्या ठिकाणांना नगरपंचायत करण्याच्या धोरणाने ती नंतर एका अधिसूचनेने शहरे झाली. अशा गावात दर्जा आधी येतो, गटारे आणि नगररचना यायला वेळ लागतो.

सर्वांत ताजा प्रयोग घाटावर चालू आहे. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रेल्वेने ज्या भागाला दीडशे वर्षे वळसा घातला आणि जो खामगाव-जालना लोहमार्गाची वाट पिढ्यान्‌पिढ्या पाहत आहे, त्याला पहिल्यांदाच देशाच्या मुख्य वाहतुकीचा स्पर्श झाला. महामार्गाच्या चौफुल्यांजवळ कृषी समृद्धी केंद्रे, म्हणजे शेतमालावर आधारलेली नवनगरे, वसवण्याची योजना असून जिल्ह्यात त्यासाठी मेहकर तालुक्यातील साब्रा-काब्रा आणि सिंदखेड राजा तालुक्यातील सावरगाव माळ या परिसरांची निवड झाली. शेतकऱ्यांनी जमीन एकत्र करायची आणि विकसित भूखंडाच्या रूपाने तिचा काही हिस्सा परत घ्यायचा, अशी तिची पद्धत आहे. नियोजनाचा अधिकार महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. तेथील रहिवासी मात्र मतदान ग्रामपंचायतीसाठी करतात, जमिनीची नोंद तलाठ्याकडे शोधतात, आणि नवनगर वसलेच तर त्याचा कारभार कोणत्या कायद्याखाली, कोणी निवडून दिलेल्या मंडळाने करायचा, हे ठरण्याआधीच त्यांच्या शेतांवर रस्त्यांच्या आणि भूखंडांच्या रेषा पडत आहेत.